पार्किन्सन्स आणि डिप्रेशन: मेंदूत काय बदलतं आणि घरच्यांनी काय बघायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पार्किन्सन्सच्या पेशंटची घरी काळजी घेणारे मुंबईतले लोक मला सतत जे प्रश्न पाठवतात ते इथे एकत्र केलेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे यातलं वाचून कुठलीही गोळी स्वतःहून सुरू, बंद किंवा कमीजास्त करू नका, पण हे वाचून ओपीडीत नीट प्रश्न मात्र नक्की विचारा. माझं म्हणणं एकच आहे: पार्किन्सन्समधलं डिप्रेशन हा आजाराचाच भाग आहे, आणि थरथरीबद्दल जसं डॉक्टरांना सांगतो तसंच याबद्दलही सांगायला हवं.

१. पार्किन्सन्स म्हणजे हात थरथरणं ना? मग मधेच हे डिप्रेशन कुठून आलं?

थरथर फक्त बाहेरून दिसते. आत होतं असं की मध्यमेंदूत सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा भाग असतो, तिथल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरतात आणि हालचाली मंदावतात. पण डोपामिन काही फक्त हातपाय हलवायला लागत नाही. शेजारच्याच भागातून निघणारं डोपामिन मेंदूच्या ज्या जागांना जातं तिथे एखादी गोष्ट करावीशी वाटणं, कशाची तरी वाट बघणं, आवडीचं मिळालं की बरं वाटणं हे सगळं चालतं, आणि तो पुरवठाही कमी होतो. शिवाय मेंदूच्या देठात अजून दोन ठिकाणं आहेत, लोकस सेरुलियस जिथून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन जातं आणि राफे केंद्रकं जिथून सेरोटोनिन जातं, ती दोन्ही या आजारात बाधित होतात. म्हणजे मूड सांभाळणारी तिन्ही रसायनं एकाच आजारात कमी पडू शकतात, आता सांगा, मन जागेवर कसं राहणार?

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन लिहिलं, त्यात त्यांनी म्हटलं होतं की संवेदना आणि बुद्धी शाबूत राहतात. त्यानंतर खूप काळ हा फक्त हालचालींचा आजार असंच समजलं गेलं, आणि आपल्याकडे घराघरांत अजूनही तसंच समजतात.

२. हे सगळ्यांनाच होतं का? की आमच्याच बाबांना?

सगळ्यांना नाही, पण तुमचे बाबा एकटेही नाहीत. अनेक अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये एक मोठा आढावा आला, त्यानुसार पार्किन्सन्सच्या साधारण ३५ टक्के पेशंटमध्ये दखल घ्यावी इतकी डिप्रेशनची लक्षणं असतात आणि साधारण १७ टक्के जणांना मोठं, पक्कं निदान होईल असं डिप्रेशन असतं. मुंबईला पार्किन्सन्स तसा नवा नाही, इथल्या पारसी कॉलन्यांमध्ये घरोघरी जाऊन केलेली पाहणी १९८८ मध्ये छापून आली होती, त्यात लाखामागे सुमारे ३२८ पेशंट सापडले होते. एवढ्या घरांत हा आजार असून मूडबद्दल मात्र कोणी बोलत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

३. एवढा मोठा आजार कळल्यावर माणूस खचणारच ना, त्यात मेंदूचं काय?

खचणं स्वाभाविकच आहे, आणि निदानानंतरचे काही महिने जड जातात हे खरं. पण सगळं तेवढ्यावर ढकलता येत नाही, कारण बऱ्याच पेशंटमध्ये डिप्रेशन किंवा सतत काळजी करणं हे थरथर सुरू व्हायच्या काही वर्षं आधीच असतं, तेव्हा आजाराचं नावही घरात कोणाला माहीत नसतं. मग ते दुःख कशाचं?

२००३ मध्ये ब्राक या मेंदूशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंवरून एक क्रम मांडला. अल्फा सिन्युक्लीन नावाचं प्रथिन पेशींमध्ये चुकीच्या पद्धतीने साठतं (या साठ्यांना ल्युई बॉडीज म्हणतात), आणि ते साठणं आधी वासाशी संबंधित भागात आणि मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाला सुरू होतं, मग राफे आणि लोकस सेरुलियसच्या पातळीवर येतं, आणि सबस्टॅन्शिया नायग्रा त्यानंतर. म्हणजे मूडचे भाग हालचालीच्या भागाच्या आधीच बाधित होतात. सगळ्या पेशंटचा मेंदू या क्रमाने जातो असं नाही, त्यावर संशोधकांमध्ये वाद आहे. पण वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं आणि मन न लागणं या तक्रारी थरथरीच्या आधी का दिसतात ते या क्रमावरून बऱ्यापैकी समजतं.

म्हणून "मन घट्ट करा", "देवाचं नाव घ्या, सगळं ठीक होईल" हे कृपा करून बंद करा. नाव घ्यायला ना नाही, पण त्यामागे "तुमचं मन कच्चं आहे" हा जो सूर असतो तो पेशंटला बरोबर ऐकू येतो.

४. मग एमआरआयमध्ये हे डिप्रेशन दिसेल का? काढून घेऊ का?

फक्त त्यासाठी नका काढू. डॉक्टर एमआरआय सांगतात ते बहुतेक वेळा दुसरं काही नाही ना हे बघायला, आणि साध्या पार्किन्सन्समध्ये तो रिपोर्ट बऱ्याचदा नॉर्मल येतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे त्रास खोटा असं अजिबात नाही.

संशोधनात मात्र बरंच दिसलंय. १९९० च्या एका पीईटी (मेंदूचा कुठला भाग किती काम करतो ते दाखवणारा स्कॅन) अभ्यासात डिप्रेशन असलेल्या पार्किन्सन्स पेशंटमध्ये कॉडेट (मेंदूच्या आतला एक भाग) आणि कपाळामागच्या मेंदूचा खालचा भाग इथे साखरेचा वापर कमी दिसला, म्हणजे ते भाग कमी काम करत होते. २००५ मध्ये डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन दोन्हीचा माग काढणारं द्रव्य वापरून पीईटी केलं तेव्हा डिप्रेशन असलेल्यांमध्ये लोकस सेरुलियस, अ‍ॅमिग्डाला, थॅलॅमस, अँटेरियर सिंग्युलेट आणि व्हेंट्रल स्ट्रायटम इथे ते कमी चिकटलेलं दिसलं. हे सगळे भाग भीती, इच्छा आणि भावना यांच्याशी जोडलेले आहेत. त्यात पेशंट थोडेच होते, पण दिशा कळते. कानाजवळून करायच्या सोनोग्राफीत राफेची रेष पुसट दिसते असंही काही अभ्यासांत आलंय. एमआरआयवर मेंदूचे कुठले भाग आक्रसतात याबद्दल आणि सेरोटोनिनबद्दल मात्र निकाल सगळे एका दिशेने जात नाहीत.

लक्षात घ्या, हे सगळं गटांची सरासरी काढून दिसतं. एका माणसाचा स्कॅन बघून "याला डिप्रेशन आहे" असं कोणी सांगू शकत नाही, निदान बोलूनच होतं, म्हणून ते पैसे वाचवा आणि पुढचा प्रश्न नीट वाचा.

५. चेहरा मख्ख, आवाज बारीक, झोप नाही, भूक नाही. हे पार्किन्सन्सचं की डिप्रेशनचं, ओळखायचं कसं?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, अगदी डॉक्टरांचाही. चेहऱ्याचे स्नायू कमी हलणं, हळू बोलणं, थकवा, झोप मोडणं, वजन उतरणं हे नुसत्या पार्किन्सन्समध्येही होतं. एका ताईंनी लिहिलं होतं की नातवाच्या बारशाला आजोबा भिंतीसारखा चेहरा करून बसले, सगळे पाहुणे म्हणाले यांना आनंद झालेला दिसत नाही, आणि रात्री आजोबा हळूच म्हणाले की आज फार छान वाटलं, बाळाचं नाक माझ्या आईसारखं आहे. हे डिप्रेशन नाही, इथे फक्त चेहऱ्याने साथ दिली नाही. उलटही होतं, सगळे म्हणतात "त्यांचा चेहराच तसा झालाय" आणि आतमध्ये माणूस बुडत असतो.

म्हणून चेहरा बघू नका, आतलं विचारा. आवडीच्या गोष्टीत, मॅचमध्ये, नातवंडांत, माशाच्या कालवणात, काही मजा वाटते का? पुढे काही चांगलं होईल असं वाटतं का? आपण घरच्यांवर ओझं झालोय असं वाटतं का? पहाटे लवकर जाग येऊन मन जड होतं का? मरणाचे विचार येतात का? (शेवटच्याचं उत्तर हो असेल तर थेट प्रश्न १३.) हे दोन आठवडे बहुतेक दिवस असेल तर डॉक्टरांना सांगायचंच. ओपीडीत १५ हो-नाही प्रश्नांची जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल वापरतात, तिच्यात झोप-भुकेसारखी शारीरिक लक्षणं विचारत नाहीत त्यामुळे पार्किन्सन्समध्ये ती बरी पडते, आणि भरायला फार वेळ लागत नाही, तुम्हीच मागा.

६. मिस्टर दिवसभर खुर्चीत बसून असतात, विचारलं तर म्हणतात मी मजेत आहे. हे कसलं डिप्रेशन?

हे बहुतेक डिप्रेशन नसेलच, याला अ‍ॅपथी म्हणतात. डिप्रेशनमध्ये माणसाला दुःख होतं, अपराधी वाटतं, इथे दुःख नसतं, फक्त स्वतःहून सुरुवात होत नाही, आंघोळीला चला म्हटलं की जातात पण उठून स्वतः जाणार नाहीत. डोपामिनवर चालणारी व्हेंट्रल स्ट्रायटम आणि अँटेरियर सिंग्युलेटची साखळी ढिली पडते म्हणून असं होतं, आणि त्यात त्रास घरच्यांनाच जास्त होतो, पेशंटला नाही. सेरोटोनिन वाढवणाऱ्या नेहमीच्या गोळ्या यावर फारशा चालत नाहीत, काही जणांत तर अजून थंडपणा येतो, म्हणून दोन्हीतला फरक डॉक्टरांना सांगणं फार महत्त्वाचं. घरी ठरलेली वेळ, ठरलेलं काम आणि सुरुवात करून देणारं माणूस याने बराच फरक पडतो. आळशी म्हणू नका हो. दोन्ही एकत्रही असू शकतं.

७. दुपारी साडेतीन-चारला एकदम घाबरंघुबरं होतात, रडतात, आणि पाचपर्यंत आपोआप ठीक. नाटक तर नाही ना?

नाटक नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर बऱ्याचदा गोळीच्या डबीत असतं.

आजार नवा असतो तेव्हा उरलेल्या पेशी लिवोडोपापासून (ही पार्किन्सन्सची मुख्य गोळी, मेंदूत तिचं डोपामिन होतं) बनलेलं डोपामिन साठवून हळूहळू सोडतात. पेशी कमी झाल्या की साठवण संपते, म्हणजे घरात टाकी नसली की म्युन्सिपाल्टीचं पाणी येईल तेवढाच वेळ नळ चालणार, तसं. गोळीचा असर उतरला की हातपाय अडतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण मूडही उतरतो हे माहीत नसतं, छातीत धडधड, घाम, भीती, रडू, "मला काहीतरी होतंय" असं वाटणं, आणि काहींना तर हातपाय अडायच्या आधी हेच होतं. मग घरचे हार्ट अटॅक समजून कॅज्युअल्टीला धावतात आणि ईसीजी नॉर्मल येतो. (पहिल्या वेळेला धावायलाच हवं, त्यात चूक काही नाही.)

करायचं काय, तर एक वही घ्या. गोळीची वेळ, जेवणाची वेळ, आणि दर तासाला हालचाल कशी आणि मन कसं ते दोन शब्दांत. डोंबिवलीच्या एका मुलाने आईचं असं पान पाठवलं होतं: "१२ गोळी. १ ठीक, कोथिंबीर निवडली. ३ हात जड. ३.२० घाबरली, दार उघडं ठेव म्हणाली. ४ गोळी. ४.५० चहा मागितला, हसली." हे असं पान न्यूरॉलॉजिस्टसमोर ठेवलं की पाच मिनिटांत काम होतं, डोसमधलं अंतर बदलायचं की दुसरी गोळी जोडायची ते त्यांना लगेच दिसतं, आणि कदाचित डिप्रेशनची वेगळी गोळी लागतही नाही. दोन गोष्टी तोपर्यंत पाळा: गोळी वेळेवर म्हणजे वेळेवरच, ट्रॅफिकमध्ये किंवा ट्रेनमध्ये अडकायची शक्यता असेल तर डबी आणि पाण्याची बाटली सोबत, आणि लिवोडोपा जेवणाच्या, विशेषतः डाळ-अंडी-पनीर अशा प्रोटीनच्या जेवणाच्या, साधारण अर्धा तास आधी, कारण प्रोटीनमुळे ती शोषली जायला अडचण येते. उलटी-मळमळ होत असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून.

दिवसभर सारखंच उदास असतील, गोळीचा काही संबंध दिसत नसेल, तर मग प्रश्न ८ आणि ९.

८. मग लिवोडोपाच वाढवलं तर डिप्रेशन जाईल?

वरच्या चढउताराच्या प्रकारात मदत होते. नेहमीच्या डिप्रेशनमध्ये नुसतं लिवोडोपा बऱ्याचदा पुरत नाही, कारण प्रश्न फक्त डोपामिनचा नाही (प्रश्न १). प्रामिपेक्सोल या गोळीने हालचालींबरोबर मूडही सुधारतो असं २०१० च्या मोठ्या चाचणीत दिसलं. पण तिचे स्वतःचे धोके आहेत: अचानक झोप लागणं, भास, आणि प्रश्न १४ मध्ये आहे ते.

९. डिप्रेशनच्या गोळीने थरथर वाढते म्हणतात, आणि सवय लागते म्हणतात. द्यायची की नाही?

सवय लागण्याची भीती लोकांना असते ती बहुतेक झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांमुळे, क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम वगैरे. त्यांची सवय लागते, वर म्हातारपणी तोल जाऊन पडायला होतं. डिप्रेशनच्या गोळ्या वेगळ्या, मात्र त्याही एकदम बंद करायच्या नसतात. २०१२ च्या चाचणीत पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन दोन्ही पार्किन्सन्समधल्या डिप्रेशनवर औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा चांगल्या ठरल्या आणि हालचाल बिघडली नाही. काही पेशंटची थरथर थोडी वाढते हे खरं, तसं झालं तर सांगा, गोळी बदलता येते. नॉर्ट्रिप्टिलिन २००९ च्या एका चाचणीत चांगली ठरली होती, पण तिने तोंड सुकतं, बद्धकोष्ठता वाढते, उठताना बीपी पडतं, आणि विसरभोळेपणा असेल तर गोंधळ वाढू शकतो.

असर दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडून देणारे फार आहेत.

१०. रसाजिलिन चालू आहे, केमिस्ट म्हणाला सोबत डिप्रेशनची गोळी चालत नाही. खरं का?

केमिस्टने सावध केलं ते चांगलंच केलं. रसाजिलिन, सेलेजिलिन, साफिनामाइड या पार्किन्सन्सच्या गोळ्यांसोबत सेरोटोनिन वाढवणारी गोळी घेतल्यास सेरोटोनिन सिंड्रोमचा (शरीरात सेरोटोनिन अति वाढून होणारा त्रास) धोका सांगितलेला असतो. प्रत्यक्षात नेहमीच्या डोसमध्ये तो क्वचित होतो आणि बरेच न्यूरॉलॉजिस्ट विचार करून दोन्ही देतात. ताप, घाम, अस्वस्थपणा, जुलाब, अंग झटके देणं, बडबड असं एकत्र दिसलं तर थेट हॉस्पिटल. जास्त धोका लोकांना माहीत नसलेल्या गोष्टींचा असतो: ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं सिरप या गोळ्यांसोबत घ्यायचंच नाही. न्यूरॉलॉजिस्ट आणि सायकियाट्रिस्ट वेगळे असतील तर दोघांना सगळ्या गोळ्यांची एकच यादी दाखवा.

११. फॅमिली डॉक्टरांनी टेन्शनची आणि गॅसची गोळी दिली, तेव्हापासून चालणंच बिघडलंय. संबंध आहे?

असू शकतो, आणि हे मी जीव तोडून सांगते. मेंदूत डोपामिन अडवणाऱ्या काही गोळ्या आपल्याकडे अगदी सहज दिल्या जातात. फ्लुपेंटिक्सॉल आणि मेलिट्रॅसेनची जोडगोळी टेन्शनसाठी. लिवोसल्पिराइड अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोलसोबत मिसळलेलं. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड. चक्करेसाठी सिनारिझिन, डोकेदुखीसाठी फ्लुनारिझिन, आणि फ्लुनारिझिनने तर डिप्रेशनही येऊ शकतं. धडधाकट माणसालाही यांनी पार्किन्सन्ससारखी लक्षणं येतात, मग ज्याच्याकडे डोपामिन आधीच कमी त्याचं काय होत असेल. भास होतात म्हणून दिलेलं हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन यांचंही तेच. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात कंपनीच्या नावाखाली औषधाचं खरं नाव असतं, मोबाइलवर फोटो काढून मोठं करून वाचा आणि न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

कपिकच्छू म्हणजे आपली खाजकुइली, तिच्यात मुळातच लिवोडोपा असतं, त्यामुळे "आयुर्वेदिक आहे" म्हणून लपवून देऊ नका, डोस नकळत वाढेल. आणि डिप्रेशनची गोळी सुरू करण्याआधी थायरॉइड आणि बी१२ तपासून घ्या, शाकाहारी घरांत बी१२ बऱ्याचदा कमी असतं.

१२. गोळ्यांशिवाय काही? आणि शॉक ट्रीटमेंट पार्किन्सन्सवाल्याला चालते का?

व्यायाम, तो तर हवाच, हालचालीसाठीही आणि मूडसाठीही. विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी सीबीटी पार्किन्सन्समधल्या डिप्रेशनवर उपयोगी पडते हे २०११ च्या चाचणीत दिसलंय. शॉक, म्हणजे ईसीटी, भूल देऊन करतात, जीवावर बेतणारं डिप्रेशन असेल आणि गोळ्या चालत नसतील तेव्हा ती चालते, आणि काही काळ हालचालही सुधारते. नंतर थोडा गोंधळ आणि विसरणं होऊ शकतं.

१३. बाबा म्हणतात "आता उचला मला". गंभीरपणे घ्यायचं का?

हो. सरळ विचारा, "बाबा, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा आणि फिनाइल-कीटकनाशक उचलून ठेवा, त्याच दिवशी जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास आणि फुकट, मराठीत बोलता येतं. डीबीएस ऑपरेशननंतरच्या (यात मेंदूत इलेक्ट्रोड बसवून बारीक करंट देतात) पहिल्या काळात विशेष लक्ष ठेवा, का ते प्रश्न १५ मध्ये.

१४. आधी उदास होते, आता उलट, रात्रभर जागतात, लॉटरी आणि ऑनलाइन खरेदी चाललीय. बरे झाले का?

नाही. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांनी काही जणांना जुगार, खरेदी, खाणं, सेक्स यांचा ताबा राहत नाही. पेशंट लपवतात, लाजतात, त्यांना रागावू नका, औषधाचा परिणाम आहे. डोस कमी करावा लागतो, पण घरी एकदम बंद करू नका, कारण मग घबराट, घाम आणि खोल डिप्रेशन येऊ शकतं आणि ते लिवोडोपा वाढवूनही जात नाही. डॉक्टर पायरी पायरीने उतरवतात.

१५. डीबीएस केल्यावर डिप्रेशन जातं की येतं?

दोन्ही बघायला मिळतं. हालचाल सुधारल्याने बऱ्याच जणांना हुरूप येतो. पण इलेक्ट्रोड बऱ्याचदा जिथे बसतो तो सबथॅलॅमिक न्यूक्लियस अगदी छोटा असतो आणि हालचालीच्या तारांशेजारीच भावनांच्या तारा जातात. १९९९ मध्ये एक केस छापून आली होती, त्यात करंट ठरलेल्या जागेच्या जरा खाली दिल्यावर पेशंट काही क्षणांत रडायला लागली, आणि करंट बंद केल्यावर पूर्ववत झाली. शिवाय ऑपरेशननंतर गोळ्या पटकन कमी केल्या तर अ‍ॅपथी आणि डिप्रेशन वर येतं. म्हणून ऑपरेशनआधी सायकियाट्रिस्टची तपासणी झालीच पाहिजे, आधी डिप्रेशन येऊन गेलं असेल तर ते लपवू नका, आणि नंतर मूड बिघडला तर सेटिंग आणि गोळ्या दोन्ही परत बघायला सांगा.

१६. मुंबईत दाखवायचं कुठे, आणि डॉक्टरकडे पाच मिनिटांत काय बोलायचं?

केईएम, नायर, सायन, जेजे इथे न्यूरॉलॉजी आणि सायकियाट्री दोन्ही आहेत, केसपेपर काढून एकीकडून दुसरीकडे रेफर करून घेता येतं. पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी मुंबईतलीच आहे, त्यांचे सपोर्ट ग्रुप चालतात, पेशंटला घेऊन एकदा जाऊन बसा.

डॉक्टरांसमोर आधी मूडबद्दल बोला, मग थरथरीबद्दल, कारण थरथर त्यांना दिसणारच आहे. सांगायचं एवढंच: कधीपासून, दिवसभर असतं की गोळीच्या वेळेनुसार, मरणाचं बोलतात का, आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, गॅसच्या आणि आयुर्वेदिकसुद्धा. शक्य असेल तर पेशंट पाच मिनिटं बाहेर बसतील अशी सोय करा, म्हणजे तुम्हाला जे त्यांच्यासमोर बोलता येत नाही ते बोलता येईल, आणि नंतर त्यांनाही एकट्याने डॉक्टरांशी बोलू द्या.